अमरावती नर्सरी

गावंडे साहेब,

रविवारी सकाळी नेहमीसारखा तुम्हाला फोन लावला. माझ्या हॉवर्थियाची, त्या बुटक्या कोरफडीसारख्या झाडाची, पानं लालसर पडायला लागली होती आणि त्यावरून आदल्या रविवारी आपलं जे भांडण झालं, ते तुम्हाला खालून नाश्त्याची हाक आली म्हणून अर्धवट राहिलं होतं. माझं म्हणणं, उन्हाचा ताण बसतोय, आठवड्यातून एकदा संध्याकाळी चमचाभर पाणी द्यायला हवं. तुमचं म्हणणं, मे महिन्यात ते झोपलेलं असतं, झोपलेल्याच्या तोंडात कोणी पाणी ओततं का. मी आठवडाभर घोकून एक सणसणीत उत्तर तयार ठेवलं होतं. फोन उचलला गेला आणि एक तरुण आवाज म्हणाला, "बोला, नर्सरीवाल्या काकू."

मी म्हटलं, गावंडे साहेबांना द्या.

"बाबा गेले न वो काकू. मंगळवारी. झोपेतच गेले." तीच पुढे सांगू लागली. "मी त्याईची सून, वैशाली. तुमाले कळवाचं राहूनच गेलं. फोनवर ‘अमरावती नर्सरी’ असं आलं म्हणून उचलला. बाबानं काही रोपं सांगितली होती काय? मंग आता नका पाठवू."

तुमच्या जाण्याची बातमी आणि माझं नवं नाव, दोन्ही मला एका दमात मिळालं. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले आणि डोक्यात एवढंच फिरत होतं की नर्सरी? कुठली नर्सरी? रडू आलं ते दुपारी, भांडी घासताना, आणि त्यात दुःख किती आणि संताप किती हे मला तेव्हाही कळलं नाही. अजून कळत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणतात. तुमच्याबाबतीत तेवढा मोठेपणा आज माझ्याकडे नाही.

आपली ओळख कशी झाली ते आठवून मला जास्तच चीड येते. मी शाळेच्या प्रशिक्षणाला अकोल्याला आले होते. परतताना स्टेशनकडच्या रस्त्यावर एका रोपवाल्याकडे कॅक्टस पाहत उभी राहिले. बोटाएवढा कॅक्टस आणि त्याच्या डोक्यावर हे एवढं गुलाबी फूल. मी पिशवी पुढे केली तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, काहून घेता ते? फूल चिकटवलेलं आहे." आणि तुम्ही माझ्यादेखत ते फूल उपटलंत. खाली वाळलेल्या डिंकाचा गोळा. मग त्या रोपवाल्याला तुम्ही जे झापलंत ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "झाडाले खोटं बोलाले लावतं काय बे?" तो म्हणाला, साहेब, लोकांना फूल लागते. तुम्ही म्हणालात, "लोकाईले काहीबी लागते."

खोट्या फुलाची एवढी चीड असलेल्या माणसानं माझ्या नावाच्या जागी नर्सरी चिकटवावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

त्या दिवशी तुम्ही मला कॅक्टस घेऊ दिला नाही. कोपऱ्यातला एक गॅस्टेरिया काढून दिला, जाड जिभेसारखी पानं, अंगावर पांढरे ठिपके. "दिसाले काही खास नाही, पण लवकर मरत नाही," म्हणालात आणि काही अडलं तर विचारा म्हणून फोन नंबर दिलात. मी तो आठ दिवसांत मारून दाखवला. माझ्या भावाचं शेत अंजनगाव सुर्जीला आहे. तिथली काळी माती मी खास मागवून घेतली आणि मोठ्या मायेनं त्यात तो लावला. ज्या मातीचा आमच्या अख्ख्या घराण्याला गर्व, ती पाणी धरून बसली आणि गॅस्टेरिया मुळापासून गळला. फोनवर तुम्ही इतके हसलात की मी फोन ठेवून दिला. मग तुम्हीच परत केला आणि शांतपणे सांगितलंत की, हा कापूस नाही, मॅडम. अर्धी जाड रेती, विटांचे बारीक तुकडे, थोडा कोळसा, आणि खत म्हणाल तर नावापुरतं. वरून ओतलेलं पाणी खालच्या भोकातून लगेच बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर कुंडी रिकामी करायची आणि पुन्हा भरायची.

सगळी हयात पाटबंधारे खात्यात घालवलेला माणूस आणि छंद कसला, तर झाडांना पाणी न देण्याचा. मी यावरून तुम्हाला किती चिडवलं असेन. तुम्ही म्हणायचात, पाणी सोडणं कोणालाही येते, पाणी अडवणं शिकावं लागते. तुमच्याकडून मी खरंच शिकले. पान सुरकुतलं तर तहान आहे, थांबून पाणी द्यायचं. पान पिवळं, पारदर्शक, हाताला लिबलिबीत झालं तर पाणी जास्त झालंय, तेव्हा एक थेंबही नाही. मार्चपासून हिरवी जाळी बांधायची, कारण पुस्तकात लिहिलेलं भरपूर ऊन हे आपलं ऊन नव्हे. गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी एचेव्हेरिया लांबुडकी झाली की तिचं मुंडकं कापायचं, जखम सावलीत सुकू द्यायची आणि कोरड्या रेतीवर नुसती ठेवायची. पहिल्यांदा मी नुसती कात्री धरून बसले होते. तुम्ही फोनवर होतात. "कापा," म्हणालात, "दोन झाडं होतीन." दोन झाली.

आणि मग तुम्ही यायला लागलात. दर महिन्याला, कधी दोन महिन्यांनी. बडनेऱ्याला उतरून ऑटो करून थेट माझ्या दारात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तुमच्या एखाद्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू. "चांदूरले बहिणीकडे चाललो होतो, वाटेत उतरलो." हे वाक्य ठरलेलं. मग गच्चीवर दोन-दोन तास आपली वादावादी. कोरफडीला सक्युलंट, म्हणजे पानांत पाणी साठवणाऱ्या आपल्या झाडांपैकी, म्हणायचं की नाही यावर आपण एक अख्खा हिवाळा भांडलो. तुम्ही म्हणायचात ती तर परसातली, तिचं काय कौतुक. मी म्हणायचे, परसातली आहे म्हणून तुम्ही तिला जातीबाहेर काढणार का? जेडचं झाड तुम्हाला बुटकं हवं, मला मोकळं वाढलेलं. तुम्ही माझ्या नकळत त्याचे शेंडे खुडायचात आणि मी तुम्हाला पकडायचे. या सगळ्याला काय म्हणतात ते मी कधी तुम्हाला विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. मला वाटायचं, सांगायची गरज नाही.

पण लोकांना मी सांगितलं होतं, साहेब. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी भुवया उंचावून विचारलं, हे कोण हो येतात? मी म्हटलं, माझे मित्र आहेत. माझ्या वयाच्या बिनलग्नाच्या बाईनं अमरावतीत हा शब्द तोंडातून काढला की त्याचा अर्थ ऐकणारा ठरवतो, हे मला ठाऊक होतं. भावानं घरी येऊन तमाशा केला. "भाऊ म्हण त्याले, राखी बांध, म्हंजे कोनी बोलनार नाही," हा त्याचा तोडगा. मी म्हटलं, भाऊ मला एक आहे तेवढा पुरे. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. दिवाळीत वहिनीनं फराळाचा डबा शेजाऱ्याच्या हातून पाठवला. हे सगळं मी तुम्हाला हसत हसत सांगितलं होतं आणि तुम्ही खाली मान घालून एका कुंडीतला पालापाचोळा वेचत होतात. तेव्हा तुमच्या फोनमध्ये मी नर्सरी होते. तेव्हाही बोलला नाहीत.

तुमच्या घरी मला तुम्ही कधी बोलावलं नाही, याचंही मी काही वाटून घेतलं नव्हतं. दरवेळी कारण पटण्यासारखं असायचं. गच्चीचं काम निघालंय. घरी पाहुणे आहेत. मिसेसचे गुडघे फार दुखतात, तिला कोणी आलं-गेलं झेपत नाही. मी बिचारीसाठी तुमच्या हाती तेल पाठवलं होतं एकदा. ते तेल कुठल्या नर्सरीनं पाठवलं म्हणून सांगितलंत?

तर हे सगळं मी पोटात ठेवून घरी बसून राहू शकले असते. कोणी बोलावलेलं नाही, कोणी ओळखत नाही, मग जायचं कोणत्या नात्यानं? पण फोन ठेवता ठेवता वैशाली एक गोष्ट बोलली. "झाडाईची फिकर नका करू काकू. आई दोन्ही टाइम पाणी टाकून राहिल्या. बाबाच्या नावानं. तेरवीपर्यंत एक दिवसबी खंड पडू द्याचा नाही म्हणतात."

मे महिना. अकोला. दोन्ही वेळ.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला, पाणी थांबवा. ती म्हणाली, नाही जी, आई ऐकणार नाहीत, बाबाचा जीव होता त्या झाडाईत. आता यावर फोनवरून काय बोलणार? तुमच्या मागे तुमच्या घरचे लोक तुमच्या प्रेमापोटी तुमची झाडं बुडवत होते, आणि ते कसं थांबवायचं हे माहीत असलेली बाई त्यांच्या लेखी रोपं विकणारी होती. तेव्हा मी ठरवलं, ठीक आहे. नर्सरीवाली तर नर्सरीवाली. नर्सरीवालीला निदान झाडं पाहायला दारातून आत घेतील.

दुसऱ्या दिवशी पहाटेची मूर्तिजापूरवरून जाणारी बस धरली. पिशवीत कात्री, हळद, जुनी वर्तमानपत्रं, कोरडी रेती आणि वैशालीकडून फोनवर लिहून घेतलेला पत्ता. अकोल्याला उतरले तेव्हाच डांबराचा वास सुटला होता. वैशालीनं दार उघडलं. "अमरावतीहून आले," मी म्हटलं. "नर्सरी." एवढं सोपं होतं ते. तुम्हालाही पहिल्यांदा असंच सोपं गेलं असेल.

समोरच्या खोलीत तुमचा फोटो, हार, समई. मी हात जोडले. नर्सरीवालीनं किती वेळ हात जोडून उभं राहावं याचा अंदाज नव्हता म्हणून लगेच बाजूला झाले. तुमच्या गच्चीवरची एकूण एक कुंडी मला पाठ होती, फोनवर तुम्ही दर रविवारी कॅमेरा फिरवून दाखवायचात, पण जिना कुठे आहे हे मला वैशालीला विचारावं लागलं. मला तिथे बसून तुमच्यासाठी रडायचं होतं, साहेब. सगळ्यांसारखं. तेवढाही हक्क तुम्ही ठेवला नाहीत.

वर तुमच्या मिसेस होत्या. हातात बादली. ज्यांच्या गुडघ्यांची काळजी मी इतकी वर्षं केली त्या बाई भरली बादली घेऊन दिवसातून दोनदा तो उभा जिना चढत होत्या. जाळी एका बाजूला गुंडाळून ठेवलेली, झाडांना ऊन मिळावं म्हणून. प्रत्येक कुंडीखाली बशी, आणि प्रत्येक बशी काठोकाठ भरलेली. हॉवर्थियाची पानं काचेसारखी पारदर्शक झाली होती. तुमची ती जांभळट एचेव्हेरिया मी उचलायला गेले तर वरचा गेंद हातात आला आणि देठ काळा होऊन कुंडीतच राहिला.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रागानं म्हटलं, "वहिनी, पाणी बंद करा. एक थेंबही टाकू नका. तुम्ही मारताय त्यांना."

बोलल्यावर कळलं काय बोलले ते. त्यांनी बादली खाली ठेवली. रागावल्या नाहीत. माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग मी त्याईच्यासाठी करू काय?"

हातात आलेला तो गेंद मी कुंडीच्या कडेवर ठेवला.

"जिते होते तवा हात लावू देला नाही मले," त्या बोलत होत्या. "वर आली की म्हनत, तुले समजत नाही, तू खाली जाय. आता वाटलं, पाणी तं टाकू शकतो आपुन. पाण्यात काय समजाचं आहे?"

म्हणजे त्यांना खाली ठेवलंत आणि मला अमरावतीला. मधली ही गच्ची तुमची एकट्याची. मी आले होते ती तुमची झाडं वाचवायला, जमलं तर मागून घेऊन जायला. ते मनातून गेलं. मी वहिनींना जवळ बसायला सांगितलं. आधी दोघींनी मिळून जाळी बांधली, मग बशा उपड्या केल्या. एक-एक कुंडी कागदावर रिकामी केली, मुळं झटकली. काळं पडलेलं पांढरं लागेपर्यंत कापायचं आणि हळद लावून सावलीत ठेवायचं, हे त्यांना एकदा दाखवल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. पान खेचायचं नाही, डावी-उजवीकडे हळूच हलवून बुडासकट सोडवायचं, ते तर त्यांना पहिल्याच पानाला साधलं. जे पान घट्ट आणि कोरडं असेल ते नुसतं रेतीवर निजवून ठेवा, म्हटलं, काही आठवड्यांनी बुडाशी गुलाबी मुळं फुटतील. "पाणी न टाकता?" त्यांनी विचारलं. पाणी न टाकता. "अन् तवर मी काय करू?" रोज वर या, म्हटलं, आणि पाहा. साहेब तेच करायचे.

काम करता करता त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, पण ते सहज नव्हतं. "ननंद आली होती चांदूरहून. मी म्हटलं, दर महिन्याले तुमच्याकडे येत होते, तुमाले तं जास्तच लागलं असन. ती म्हने, दादा? दादा तं भाऊबीजेशिवाय कधी आलाच नाही." त्यांनी एक पान रेतीवर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "ती गेली तवापासून माह्या डोक्यात तेच आहे. कुठी जात होते मंग?"

मला आनंद झाला, साहेब. ते तुम्हाला सांगायलाच हवं. तुमच्या बायकोसमोर, तुमच्या कुजलेल्या झाडांमध्ये बसून मला आनंद झाला. मी वाटेत लागत नव्हते. चांदूर कधी नव्हतंच, तुम्ही माझ्याकडेच येत होतात. आणि पाठोपाठ असा संताप आला की हातातली कात्री मी खाली ठेवली. हे तुम्ही मला जिवंतपणी सांगायला काय झालं होतं? त्यांना खोटं सांगितलंत ते समजू शकते मी. मला कशाला? मी कोणाला सांगणार होते, कुंड्यांना?

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. "तुमची नर्सरी कुठीसा आहे अमरावतीले?"

मी एखाद्या रस्त्याचं नाव सांगू शकले असते. तुमची अब्रू राहिली असती, मी चार सूचना देऊन संध्याकाळची बस धरली असती. पण मग ही बाई आयुष्यभर चांदूरच्या वाटेवर तुम्हाला शोधत राहिली असती, आणि तिनं मनात जे जे रचलं असतं ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. तुमच्या खोट्याला मी दारात हातभार लावला होता. दुसऱ्यांदा लावणं जमेना.

"माझी नर्सरी नाही," मी म्हटलं. "मी शाळेत गणित शिकवते. शालिनी माझं नाव. साहेब माझे मित्र होते. माझ्या गच्चीवर बसायचे, झाडांवरून भांडायचे, चहा घ्यायचे आणि गाडीच्या वेळेला निघायचे. मलाही चांदूरला चाललोय म्हणूनच सांगायचे."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. त्यांनी साडीच्या पदरानं हाताची हळद पुसली, मग माझ्या हाताला लागलेली पाहून पदर माझ्याकडे सरकवला. मी हात पुसले. मला वाटलं, आता म्हणतील, निघा.

"चहा कसा घेत तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"दोन चमचे साखर. कधी अडीच."

"अडीच." त्यांनी पदर परत घेऊन कमरेला खोचला. "इथी बिनसाखरेचा घेत. डॉक्टरनं सांगतलं तवापासून. एकट्यानं पेताना त्याईले वाईट वाटन म्हनून मीबी सोडली साखर. माहा तं रिपोर्टबी चांगला होता."

मग त्या उठल्या, जिन्याशी गेल्या आणि खाली हाक मारली. "वैशाली, दोन चहा आन वर. साखरेचे."

चहा आला. आम्ही जाळीखाली बसलो आणि ऊन उतरेपर्यंत बोललो, सगळं तुमच्याबद्दलच. काय बोललो ते तुम्हाला सांगणार नाही.